लाउंजच्या दारात

रात्रीचे सव्वानऊ वाजलेत. दिल्लीच्या टर्मिनल 3वरून पुण्याला जाणाऱ्या माझ्या विमानाला अजून दोन तास आहेत आणि मी लाउंजच्या बाहेर रांगेत उभी आहे. गंमत बघा. लाउंज म्हणजे निवांत बसायची जागा, आणि तिथे बसण्यासाठी मी वीस मिनिटं उभी आहे. माझ्यापुढे कॉलेजची चार पोरं आहेत, एक आजी-आजोबा आहेत, आणि लॅपटॉप उघडा ठेवूनच चालणारा एक माणूस आहे. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड आणि एक बोर्डिंग पास. दारातली मुलगी कार्ड मशीनला लावते, दोन रुपये कापले जातात, मशीन ‘टुंग’ करतं आणि माणूस आत जातो. आत काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे: इडली, उपमा, पनीरची एखादी भाजी, मशीनचा चहा, फोन चार्ज करायला सॉकेट. दोन रुपयांत बुफे म्हटल्यावर आपण भारतीय रांग लावणारच.

पण रांगेत उभं राहिलं की माणूस दाराकडे बघत राहतो. सोफे आणि इडल्या नंतर आल्या. मुळात लाउंज हा प्रकार सुरू झाला तो दारापासून. कोण आत, कोण बाहेर, आणि ते कोण ठरवणार, एवढाच त्याचा इतिहास आहे. तो इतिहास वाटतो त्यापेक्षा बराच कडू आहे.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करू. 1930च्या दशकात अमेरिकेत विमानाने जाणं ही श्रीमंतांची आणि जरा धाडसी लोकांची गोष्ट होती. ‘अमेरिकन एअरलाइन्स’चा प्रमुख होता सी. आर. स्मिथ. टेक्सासचा, हिशेबात पक्का आणि माणसं जोडण्यात त्याहून पक्का. त्याने आपल्या विमानांना ‘फ्लॅगशिप’ म्हणायला सुरुवात केली. फ्लॅगशिप म्हणजे आरमारातलं ॲडमिरलचं जहाज. मग जहाज असेल तर ॲडमिरल नको का? म्हणून कंपनीने वारंवार प्रवास करणाऱ्या आणि वजनदार असणाऱ्या लोकांना मानाचं ‘ॲडमिरल’पद द्यायला सुरुवात केली. त्याचं रीतसर प्रमाणपत्रही मिळायचं. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटतं, पण ॲपवर ‘गोल्ड मेंबर’ झाल्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवणाऱ्यांनी फार हसू नये.

1939मध्ये न्यूयॉर्कचा नवा विमानतळ सुरू झाला. त्याला पुढे महापौर फियोरेलो ला गार्डिया यांचंच नाव मिळालं. सांगतात ते असं, की या विमानतळावर महापौरांसाठी एक ऐसपैस दालन राखून ठेवलं होतं आणि त्यावरून पत्रकारांनी त्यांना छेडलं. जनतेच्या पैशाने ही चैन कशाला? महापौर म्हणाले, मग घ्या की कुणीतरी भाड्याने. अमेरिकन एअरलाइन्सच्या माणसाने ते वाक्य तिथल्या तिथे झेललं. किस्सा थोडा रंगवलेला असेलही. पण त्याच वर्षी, त्याच विमानतळावर ‘ॲडमिरल्स क्लब’ उघडला हे मात्र नक्की. विमान कंपनीने आपल्या खास प्रवाशांसाठी काढलेलं जगातलं पहिलं लाउंज म्हणून तोच ओळखला जातो.

आत जायला किती पैसे पडायचे? शून्य. सदस्यत्व फुकट होतं. फक्त ते मागता येत नव्हतं. कंपनीने बोलावलं तरच. आणि कंपनी कुणाला बोलावत असेल? उद्योगपती, राजकारणी, सिनेमातले लोक, वर्तमानपत्रांचे मालक. दारावर कुणाला बंदी आहे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. आमंत्रण ही फार सभ्य गोष्ट असते. ज्याला ते येत नाही, त्याला आपल्याला नाकारलंय हेही कळत नाही.

याच देशाच्या दक्षिण भागात मात्र पाट्या होत्या.

दक्षिणेकडच्या राज्यांत शाळा, बस, पाण्याचे नळ, संडास, सगळं ‘गोऱ्यांसाठी’ आणि ‘कृष्णवर्णीयांसाठी’ असं वेगळं होतं, हे आपण वाचलेलं असतं. विमानतळांचा विचार आपल्या मनात येत नाही, कारण विमान म्हणजे आधुनिक. गोष्ट खरी तर अशी की ही जुनी घाण नव्याकोऱ्या काचेच्या इमारतींमध्ये मुद्दाम, नकाशावर आखून बांधली गेली. आणि त्यातही एक विचित्र फट होती. विमानाच्या आत अशी अधिकृत विभागणी नव्हती. आत गेलं की गोरा आणि काळा माणूस शेजारी शेजारी बसू शकत. म्हणून काही सगळं आलबेल होतं असं नाही. 1954मध्ये ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एला फिट्झगेराल्डला, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या जॅझ गायिकांपैकी एकीला, पहिल्या वर्गाचं तिकीट हातात असताना होनोलुलूमध्ये विमानात परत चढू दिलं नव्हतं. तिने कंपनीवर दावा लावला. पण सर्वसाधारण नियम असा, की हवेत एकत्र आणि जमिनीवर वेगळे. ज्या माणसाच्या कोपराला कोपर लावून दोन तास प्रवास करायचा, त्याच्याबरोबर त्याआधीचा अर्धा तास एका खोलीत बसायचं नाही.

साउथ कॅरोलायना राज्यात ग्रीनव्हिल नावाचं गाव आहे, कापडगिरण्यांसाठी नावाजलेलं. त्याचा विमानतळ छोटासाच. नोव्हेंबर 1958मध्ये तिथे रिचर्ड हेन्री नावाचा माणूस विमानाची वाट बघत बसला होता. तो अमेरिकन हवाई दलाचा मुलकी कर्मचारी. मिशिगनमधून सरकारी कामासाठी आला होता, काम झालं होतं, आता परत घरी निघाला होता. कृष्णवर्णीय होता. विमानतळाच्या व्यवस्थापकाने येऊन सांगितलं, तुमच्या लोकांची खोली तिकडे आहे. हेन्री उठून गेला, पण त्याने घरी जाऊन विषय सोडून दिला नाही. खटला भरला.

जिल्हा न्यायालयातल्या न्यायमूर्ती टिमरमन यांनी 1959मध्ये तो फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कायद्यापुढे समान असणं वेगळं, आणि दुसऱ्याने आपल्याला बरोबरीचा सोबती म्हणून स्वीकारावं अशी सक्ती करणं वेगळं. शिवाय त्यांनी असंही सुचवलं की हा गृहस्थ त्या खोलीत मुळात विमानाची वाट बघायला गेलाच नव्हता, खटला उभा करायला गेला होता. म्हणजे हवाई दलाच्या कामासाठी आलेल्या, हातात परतीचं तिकीट असलेल्या माणसाचं ‘वाट बघणं’सुद्धा संशयास्पद ठरलं. बसायची जागा मागितली, तर तू खरंच दमला आहेस का, याचा पुरावा आण.

खटला अपिलात गेला. तोवर त्याच खोलीत आणखी एक माणूस येऊन बसला, आणि त्याला साऱ्या अमेरिकेत ओळखत नाही असं कुणी नव्हतं.

जॅकी रॉबिन्सन. बेसबॉल आपल्याकडे कुणी बघत नाही, म्हणून एवढंच सांगते: अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये अनेक दशकं कृष्णवर्णीय खेळाडू घेत नसत. 15 एप्रिल 1947ला ब्रुकलिन डॉजर्सकडून रॉबिन्सन मैदानात उतरला आणि ती भिंत पडली. प्रेक्षकांच्या शिव्या, प्रतिस्पर्ध्यांचे अडथळे, धमक्यांची पत्रं हे सगळं गिळून तो दहा मोसम खेळला. 1959मध्ये तो निवृत्त होऊन न्यूयॉर्कमधल्या एका कॉफी कंपनीत उपाध्यक्ष होता. त्या ऑक्टोबरमध्ये ‘एनएएसीपी’ या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या सभेत भाषण करायला तो ग्रीनव्हिलला आला. भाषण झालं. परतीच्या विमानासाठी तो आणि त्याचे सहकारी विमानतळाच्या मुख्य खोलीत बसले. त्यांना उठायला सांगण्यात आलं. तुमचं लाउंज पलीकडे आहे.

हो, ‘लाउंज’. त्या वेगळ्या खोलीसाठी हाच शब्द वापरला जायचा. आज जो शब्द ऐकला की आपल्याला मऊ सोफा आणि फुकटची कॉफी आठवते, तोच शब्द तिथे माणसाला बाहेर काढण्यासाठी होता. न्यूयॉर्कमध्ये लाउंज म्हणजे निवडक लोकांना आत घेण्याची जागा. ग्रीनव्हिलमध्ये लाउंज म्हणजे नकोशा लोकांना ठेवायची जागा.

रॉबिन्सनने जायला नकार दिला. पोलिसाने दम दिला तरी तो हलला नाही. नंतर तो विमानात बसून गेला, पण गावातल्या लोकांच्या मनात ते राहिलं. आपल्यातल्या सर्वांत मोठ्या माणसालाही उठवतात, मग आपलं काय? हेन्रीला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून त्याची बातमी कोर्टाच्या कागदांत राहिली. रॉबिन्सनला उठवल्याची बातमी घराघरांत गेली.

दोन महिन्यांनी, 1 जानेवारी 1960ला, ग्रीनव्हिलच्या स्प्रिंगफील्ड बॅप्टिस्ट चर्चमध्ये लोक जमले. तारीख उगाच निवडलेली नव्हती. 1 जानेवारी 1863ला लिंकनने गुलामीमुक्तीचा जाहीरनामा अमलात आणला होता आणि कृष्णवर्णीय चर्चमध्ये तो दिवस साजरा व्हायचा. थंडीत शेकडो माणसं विमानतळावर गेली. त्यांतले मोजके आत गेले, एक निवेदन वाचलं आणि बाहेर आले. नागरिकत्वाचे असे तुकडे फेकलेत तर समाधानी असल्याचं सोंग आम्ही आता करणार नाही, असा त्याचा आशय होता. तोडफोड नाही, अटकसत्र नाही. बरोबर एक महिन्याने ग्रीन्सबरो इथे चार विद्यार्थी गोऱ्यांसाठीच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि ‘सिट-इन’ची लाट सुरू झाली. ती जगभर गाजली. ग्रीनव्हिलचं हे आधीचं पान मात्र कमी वाचलं गेलं. बसायचं तर बसूच, आणि नेमकं जिथे नको म्हणता तिथेच बसू, ही कल्पना विमानतळाच्या खुर्चीवरही सुचलेली होती.

अपील न्यायालयाने 1960मध्ये टिमरमन यांचा निकाल फिरवला आणि 1961च्या सुरुवातीला ग्रीनव्हिलच्या त्या खोलीतली विभागणी कायद्याने संपली. पुढची गोष्ट इतिहासाच्या खवचटपणाची आहे. 1962मध्ये जवळच ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्ग हा नवा मोठा विमानतळ उघडला आणि प्रवासी विमानं तिकडे गेली. ज्या खोलीत बसण्यासाठी एवढं भांडण झालं, ती खोली सगळ्यांसाठी खुली झाल्यावर दोन वर्षांच्या आतच तिथे वाट बघणारं कुणी उरलं नाही.

टिमरमन यांचा तो ‘बरोबरीचा सोबती’ मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला साउथ कॅरोलायना आठवलं नाही. मसूर आठवलं. सातारा जिल्ह्यातलं, रेल्वे स्टेशन असलेलं मसूर.

साल 1901. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा मोठा भाऊ आणि दोन भाचे साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरले. वडील गोरेगावला खजिनदार होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना त्यांनी बोलावलं होतं. मुलं हरखलेली. नवे शिवलेले सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. न्यायला कुणी येईल म्हणून ती प्लॅटफॉर्मवर थांबली. सगळे प्रवासी निघून गेले तरी कुणी आलं नाही. येणार तरी कसं? मुलांनी पाठवलेलं पत्र वडिलांपर्यंत पोचवायलाच त्यांचा शिपाई विसरला होता. स्टेशनमास्तर आले, तिकिटं बघितली, विचारपूस केली. कपड्यांवरून त्यांना ही मुलं ब्राह्मणांची वाटली होती. मुलांनी निरागसपणे सांगितलं, आम्ही महार. मास्तरांचा चेहरा बदलला आणि ते आपल्या खोलीकडे परत गेले. मुलं तशीच थांबून राहिली. दिवस मावळायला आला. बाहेर बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवान या मुलांना घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं या अटीवर. ती रात्र त्यांनी टोलनाक्याजवळ उपाशी काढली. डब्यात जेवण होतं, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही.

डॉ. आंबेडकरांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे आणि त्या आठवणींना नाव दिलं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. वाट बघणं हाच शब्द त्यांनी शीर्षकात घेतला. त्या मुलांकडे तिकीट होतं, म्हणून रेल्वेने त्यांना आणलं. इंजिन जात विचारत नाही. जात विचारली गेली ती डब्यातून उतरल्यावर, स्टेशनवर. ग्रीनव्हिलमध्येही तेच. यंत्राला हरकत नव्हती, खुर्चीला होती.

इथे गांधीजींचं पीटरमारिट्झबर्गही आठवेल, जून 1893चं. पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवल्यावर त्यांनी थंडीची रात्र स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये कुडकुडत काढली. तो प्रसंग आपल्या सगळ्यांच्या पाठ्यपुस्तकात होता. मसूरचा माझ्या तरी नव्हता. मी साताऱ्याकडे रेल्वेने कितीतरी वेळा गेले असेन. मसूर आलं की डोळे उघडून बाहेर बघावं, असं मला शाळेत कुणी सांगितलं नाही.

आता परत ॲडमिरल्स क्लबकडे. दक्षिणेतल्या पाट्या 1960च्या दशकात उतरल्या. आमंत्रणं त्याहून जास्त टिकली, कारण त्यांच्याविरुद्ध मोर्चा कुठे न्यायचा हेच कळत नाही. पण प्रवासी वाढले, आणि ‘मी एवढा प्रवास करतो, मग मला का नाही?’ अशा भेदभावाच्या तक्रारी येऊ लागल्या. 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत विमान कंपन्यांच्या या क्लबांना आमंत्रणाची पद्धत सोडून ठरावीक वर्गणी भरणाऱ्या कुणालाही घेणं भाग पडलं. ॲडमिरल व्हायला आता पैसे पुरत होते.

मला हा टप्पा कमी लेखावासा वाटत नाही. पैशाने दार उघडणं आपल्याला बाजारू वाटतं, पण ज्याला आजवर पैसे असूनही दार उघडलं जात नव्हतं त्याला विचारून बघा. दराचा फलक निदान सगळ्यांना वाचता येतो.

पुढचा भाग व्यापाराचा आहे. 1978मध्ये अमेरिकेने विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण काढलं. कंपन्यांची स्पर्धा जुंपली. प्रवाशाला बांधून ठेवण्यासाठी 1981मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मैल जमवायची योजना काढली आणि बाकीच्यांनी लगोलग तिची नक्कल केली. 1992मध्ये ‘प्रायॉरिटी पास’ आला. कुठल्याही कंपनीचं तिकीट असो, हा पास असेल तर वेगवेगळ्या विमानतळांवरची लाउंज खुली. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट घडली. दार उघडायचा अधिकार विमान कंपनीकडून निसटून बँकेच्या कार्डाकडे गेला. तुम्ही किती उडता यापेक्षा तुमच्या खिशात कुठलं कार्ड आहे, याला किंमत आली.

भारतात हे सगळं आलं तेव्हा विमानात बसणारी माणसंच बदलत होती. 1990च्या दशकात खाजगी कंपन्या आल्या. 2003मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांचा रस्ता उघडला. ज्यांच्या घरात आधी कुणीही विमानात बसलेलं नव्हतं, ती माणसं विमानतळावर येऊ लागली. मग बँकांनी साध्या क्रेडिट कार्डावर, काही तर डेबिट कार्डावरही लाउंज फुकट द्यायला सुरुवात केली. फुकट म्हणजे आपल्याला फुकट. प्रत्येक माणसामागे बँक आणि कार्डकंपनी लाउंजवाल्याला पैसे देते. आपले ते दोन रुपये फक्त कार्ड जिवंत आहे ना हे तपासण्यासाठी असतात. ॲडमिरलांच्या खोलीत आपण दोन रुपयांत शिरलो. याचा मला मनापासून आनंद होतो, आणि ‘लाउंजचं पार एसटी स्टँड झालंय’ म्हणणाऱ्यांचा राग येतो. एसटी स्टँडवर सगळ्यांना बसता येतं, ही काही शिवी नव्हे.

पण दार आहे तोवर दारावर कुणीतरी असतंच. गर्दी वाढली, बिलं वाढली, तसं अलीकडे बँकांनी अटी घातल्या. आधीच्या तिमाहीत कार्डावर अमुक इतका खर्च केला असेल तरच पुढच्या तिमाहीत लाउंज. ही अट आणि ग्रीनव्हिलची पाटी एका तागडीत तोलणं उद्धटपणाचं होईल. जात आणि वर्ण खर्च करून बदलता येत नाहीत. तरी एक गोष्ट मला खटकते. जुन्या ॲडमिरल्स क्लबसारखंच इथेही कुणी तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. यंत्र एक बारीक आवाज करतं आणि माणूस स्वतःच ओशाळून बाजूला होतो.

हे लिहीपर्यंत रांग सरकली. माझ्यापुढच्या चार पोरांपैकी तिघांची कार्डं चालली. चौथ्याचं नाही. त्याने दुसऱ्यांदा लावून बघितलं. मुलगी म्हणाली, “सर, एलिजिबल नहीं दिखा रहा.” पैसे भरून आत जाता येतं, ती रक्कम तिने सांगितली, ती ऐकून तो हसला. मित्र म्हणाले, आम्ही पण येतो बाहेर. तो म्हणाला, “अरे जा रे, खाऊन या. मी गेटवर बसतो.” मराठी ऐकून मी वर बघितलं. तो पाठीवरची बॅग सावरत निघूनही गेला होता.

माझं कार्ड चाललं. आत एकच खुर्ची रिकामी होती, तीही प्लेटा ठेवायच्या टेबलाशेजारी. दोन इडल्या आणि चहा घेतला. इडली गार होती. ते तिघं भिंतीला टेकून उभ्यानेच खात होते आणि एक जण चार सँडविचेस टिश्यूमध्ये गुंडाळत होता. भिंतीवर ‘खाद्यपदार्थ बाहेर नेऊ नयेत’ अशी पाटी होती. त्याने ती वाचली, इकडे तिकडे बघितलं आणि पुडकं जॅकेटच्या खिशात घातलं.

पावणेअकराला गेटवर गेले तेव्हा चौघं स्टीलच्या खुर्च्यांवर ओळीने बसून सँडविच खात होते.